बायको माहेरी, रात्रीचे मेसेज आणि शुद्ध मनाचा प्रश्न

एका भावाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे इतरांनाही उत्तराचा संदर्भ लागेल. ते 31 वर्षांचे आहेत. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचं काम बघतात. बायको पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी लातूरला गेली आहे, घरी हे एकटेच. ऑफिसातल्या एका सहकारी बाईंशी आधी कामाचे मेसेज होते. मग एका रात्री त्यांनी "जेवलात का?" असं विचारलं. आता रात्री बारापर्यंत मनातलं बोलणं चालतं. "काहीही चुकीचं घडलेलं नाही," हे वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं आहे. रोज प्रार्थना करतात, शुक्रवारी उपास धरतात, रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुण संघाला शिकवतात. आणि झोपण्याआधी त्या दिवसाचे सगळे मेसेज डिलीट करतात. विचारतात, "मनात विचार येणं हेच पाप आहे का? अशा वेळी ख्रिस्ती माणसाने मन शुद्ध कसं ठेवायचं?"

भाऊ, मी सोलापुरातच पाळक, म्हणजे पास्टर, आहे. लग्न ठरलेल्या मुलामुलींशी लग्नाआधी बोलायचं काम माझ्याकडे असतं, आणि लग्नानंतर काही बिनसलं की त्यातलीच काही जोडपी पुन्हा माझ्यासमोर येऊन बसतात. त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. नाही, विचार येणं हे पाप नाही. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात येशूविषयी म्हटलंय की तो सर्व बाबतींत आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. मोह समोर येण्यानेच माणूस मलिन होत असता, तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं.

पण तेवढ्यावर तुमची सुटका होत नाही, आणि तुम्हालाही ती तशी व्हायला नको असेल. उत्तर आफ्रिकेतले हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाचा अर्थ सांगताना पापाच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: गोष्ट सुचणं, तिच्यात गोडी वाटणं, आणि मनाने तिला होकार देणं. त्याच प्रवचनातलं, मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन, स्त्रीकडे कामेच्छेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच आहे हे, आपल्याकडे मुलांना इतक्या धाकाने शिकवतात की नजर पडली तरी पाप झालं असं त्यांना वाटू लागतं. ऑगस्टीन म्हणतात, तिथे इच्छा मनात येऊन गेलेल्या माणसाविषयी बोललेलं नाही. इच्छा पेटावी म्हणूनच जो पाहतो त्याच्याविषयी बोललेलं आहे. फरक हेतूचा आहे. याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात हाच क्रम आईच्या पोटातल्या गर्भासारखा मांडलाय: वासना गर्भवती होते, मग पापाला जन्म देते, आणि पाप वाढून मरणाला. मधल्या काळात थांबायला जागा असते.

आता तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? याचं उत्तर तुमच्या पत्रातल्या एका ओळीत आहे. मेसेज डिलीट करण्याच्या ओळीत. टॉवेलच्या ऑर्डरचे, बिलांचे, जीएसटीचे मेसेज तुम्ही रोज रात्री पुसत नाही. पुसता ते फक्त हेच. याचा अर्थ, बायकोने वाचू नये असं काहीतरी तिथे आहे हे तुमच्या मनाने कधीच ठरवून टाकलं आहे, आणि तरीही ते उद्या पुन्हा सुरू करायचं हेही ठरवलं आहे. हा तिसऱ्या पायरीवरचा होकार आहे. शरीराने काही घडलं नाही हे खरं असेल, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण "काहीही घडलेलं नाही" हे खरं नाही. तुमच्या संसारात बायकोपासून लपवायची पहिली गोष्ट तयार झाली आहे, तीही तिच्या पोटात तुमचं मूल असताना.

हे कठोर वाटलं असेल तर पुढचंही नीट वाचा, कारण मला तुमच्याविषयी वाईट वाटतंय आणि ते मनापासून आहे.

तुम्हाला त्या बाईंच्या रूपाने ओढलेलं नाही. पत्रात त्यांच्या दिसण्याविषयी एक शब्द नाही. तुम्हाला ओढलं "जेवलात का?" या प्रश्नाने. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात मुलगी जाते, बाळंत होते, सव्वा महिना, कुठे तीन महिने राहून परत येते. तोवर चार-पाच महिने नवरा एकटा. मंडळीत दर रविवारी बाळंतिणीसाठी प्रार्थना होते, बाळासाठी होते, आणि ती व्हायलाच हवी. पण या माणसाने रात्री काय खाल्लं हे कोणी विचारत नाही. तो मेसवरून डबा आणतो, निम्मा खातो, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात गच्चीवर अंथरूण टाकून मोबाइल बघत पडतो. बायकोचा फोन येतो तेव्हा तिच्या आजूबाजूला सासूबाई, मेहुणी, शेजारच्या काकू. बोलणं सोनोग्राफी, लोहाच्या गोळ्या आणि "तुम्ही कधी येताय?" यापलीकडे जात नाही. माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत या चार-पाच महिन्यांत सुरू झालेली बरीच आहेत. लग्नाआधीच्या बैठकांत मी आता या काळाविषयी वेगळं बोलतो, मुलाशी आणि मुलीशीही.

म्हणून तुमच्या भुकेला मी पाप म्हणणार नाही. येशूचा पहिला मोह आठवा. 40 दिवस उपास झाला होता, भूक लागली होती, आणि सैतानाने भाकरीचीच गोष्ट काढली. भूक खरी होती, भाकरीही वाईट नव्हती. प्रश्न होता ती कोणत्या वाटेने मिळवायची याचा. तुमची कोणीतरी चौकशी करावी, दिवस कसा गेला हे ऐकून घ्यावं, ही गरज देवानेच माणसात घातलेली आहे. ती मारून टाकायचा प्रयत्न केलात तर चार दिवसांनी जास्त जोराने उठेल. ती योग्य ठिकाणी भागवायची व्यवस्था करावी लागते, आणि हे काम रात्री साडेअकराला सुचत नाही, दिवसा करावं लागतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. त्या बाई तुमच्या हाताखाली काम करतात का? त्यांची रजा, पगारवाढ, हजेरी तुमच्या सहीवर असेल तर त्यांचं गोड बोलणं कितपत मोकळं आहे हे तुम्हालाही कळायचं नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या छळाविरुद्ध 2013चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरीही ज्याच्या हाती दुसऱ्याची रोजी आहे त्याने जास्त जपायला हवं होतं. त्या स्वतः घरच्या कोणत्या संकटात आहेत का? तुम्ही खातं बदलून घेऊ शकता का, की तेवढी नोकरीच हातात आहे? तुमची बायको मनाने कशी आहे, याआधी तिने काय सोसलंय? यावरून पुढच्या सल्ल्यातला तपशील बदलेल. गाभा बदलणार नाही.

दावीद राजाची गोष्ट तुम्ही तरुण संघात शिकवली असेल. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकाचा अकरावा अध्याय. सुरुवातीला एक वाक्य आहे ज्यावरून आपण घाईने पुढे जातो: राजे लढाईला जातात त्या ऋतूत दावीदाने सेनापती यवाबाला पाठवलं आणि स्वतः यरुशलेमेतच राहिला. मग एका संध्याकाळी पलंगावरून उठून तो गच्चीवर फेऱ्या मारत होता. स्नान करणारी स्त्री दिसली. ती कोण याची त्याने चौकशी केली. उत्तर आलं, ती उरीयाची, दावीदाच्याच एका सैनिकाची, बायको. तो निरोप घेऊन येणारा माणूस म्हणजे देवाने ठेवलेली बाहेरची वाट होती. प्रेषित पौल करिंथकरांना पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात लिहितो की देव परीक्षेबरोबर निभावून जायची वाटही ठेवतो. दावीदाला ती एका नोकराच्या तोंडून मिळाली होती. त्याने ती सोडली. पण माझ्या मते त्या अध्यायातला सर्वांत भयंकर भाग नंतरचा आहे. उरीयाला युद्धावरून बोलावून घरी पाठवायचा प्रयत्न, त्याला दारू पाजणं, आणि शेवटी त्याच्याच हातात त्याच्या मरणाचं पत्र. पहिल्या पापाने एक घर मोडलं. ते लपवायच्या धडपडीने माणसं मेली. म्हणून मी तुमच्या डिलीट करण्याला इतकं महत्त्व देतोय.

योसेफाची गोष्टही अर्धीच सांगितली जाते. आपला धनी पोटीफर याच्या बायकोच्या हातात वस्त्र सोडून तो पळाला, एवढंच चित्र मुलांच्या मनात राहतं. उत्पत्तीच्या 39व्या अध्यायात त्याआधी लिहिलंय की ती रोज त्याच्याशी बोलायची आणि तो तिचं ऐकत नव्हता, तिच्याजवळ थांबतही नव्हता. रोज. म्हणजे पळून जायचा तो एक दिवस येण्याआधी जवळ न थांबण्याचे कितीतरी साधे दिवस गेले. शिवाय त्याने नकाराचं कारण तोंडाने सांगितलं: धन्याने माझ्यावर विश्वास टाकलाय, आणि हे देवाविरुद्ध पाप होईल. पळायची ताकद त्या दिवशी अचानक आली नाही.

पण योसेफाची गोष्ट घेताना एक सावधगिरी. तुमच्या सहकारी बाई म्हणजे पोटीफराची बायको नव्हे. आपल्या प्रवचनांत हा दोष फार आहे: पुरुषाच्या मोहाविषयी बोलायचं झालं की कोणीतरी बाई सापळा होऊन समोर येते. येशूने तसं केलं नाही. उजवा डोळा पापाला प्रवृत्त करत असेल तर तो उपटून टाक, असं तो म्हणाला, डोळा पाहणाऱ्याचा. पौलाने तरुण तीमथ्याला लिहिलं, तरुण स्त्रियांना बहिणींप्रमाणे, पूर्ण शुद्धतेने वागव. त्या बाईंनाही रात्री बोलायला माणूस हवं असेल. त्यांनाही नाव आहे, घर आहे, आणि सोलापुरातल्या एका छोट्या ऑफिसात बदनामी झाली तर ती तुमच्यापेक्षा त्यांच्या वाट्याला जास्त येईल. त्यांच्याशी वागताना शुद्धतेची पहिली परीक्षा हीच आहे की तुमच्या अपराधीपणाचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवलं जाऊ नये.

म्हणून हे संपवायचं कसं, ते सांगतो. आज. आणि थोडक्यात. भेटून शेवटचं बोलणं करायचं नाही, चहाला जायचं नाही. त्या शेवटच्या बोलण्यात बरेच जण आणखी खोल गेलेले मी पाहिले आहेत. देवाने मला दाखवलं वगैरे काही लिहायचं नाही, ते त्यांना प्रवचन वाटेल. असं काहीसं पुरे: "गेले काही आठवडे आपण रात्री जे बोलतोय ते मला थांबवायचं आहे. यात तुमची चूक नाही. मी हे घरी लपवत होतो आणि ते मला बरोबर वाटत नाही. कामाचं आपण ऑफिसमध्ये बोलूच." त्यांचं उत्तर आलं तर त्यावर चर्चा करायची नाही. कामाचे निरोप ऑफिसच्या ग्रुपवर किंवा ईमेलवर न्या. आणि त्यांनी घरच्या मारझोडीसारखं काही तुम्हाला सांगितलं असेल तर त्यांना वाऱ्यावर सोडू नका. पण मदत तुम्ही एकट्याने करायची नाही. पाळकीणबाईंशी किंवा ऑफिसातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईंशी त्यांची गाठ घालून द्या, 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्या, आणि बाजूला व्हा.

इथे कोणीतरी तुम्हाला अमेरिकन प्रचारक बिली ग्रॅहम यांचा नियम सांगेल. 1948 साली कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी काही गोष्टी ठरवल्या होत्या. त्यांत पैशाचा व्यवहार उघडा ठेवणं होतं, स्थानिक मंडळ्यांवर टीका न करणं होतं, सभांचे आकडे फुगवून न सांगणं होतं, आणि पत्नीशिवाय दुसऱ्या स्त्रीबरोबर एकट्याने प्रवास किंवा जेवण न करणंही होतं. गावोगाव फिरणाऱ्या प्रचारकांसाठी ते शहाणपणाचं होतं. आपल्याकडे नेमका शेवटचाच नियम उचलला जातो, आधीचे तीन कोणाला आठवत नाहीत. मी तो तुम्हाला सुचवत नाही. ज्या ऑफिसात बायका काम करतात तिथे त्यांच्याशी एकट्याने बोलणारच नाही असं तुम्ही ठरवलंत, तर त्यांचं काम अडेल आणि तुमच्या दुबळेपणाची किंमत त्यांना मोजावी लागेल. त्यापेक्षा असं ठरवा, की सहकारी स्त्रीशी जे बोलेन ते बायकोसमोर वाचून दाखवता येईल. त्याने ऑफिसचं काम अडणार नाही, आणि तुमची लपवायची सवयही मोडेल.

आता सर्वांत अवघड गोष्ट. हे एका माणसाला सांगा. देवाला नव्हे, त्याला तुम्ही रोज सांगताच आहात. माणसाला.

पाचव्या शतकात जॉन कॅशियन नावाच्या संन्याशाने इजिप्तच्या वाळवंटातल्या साधूंच्या आठवणी लिहून ठेवल्या. त्यांत सेरापियोन नावाच्या साधूची लहानपणची आठवण आहे. तो गुरूजवळ राहायचा. रोज जेवण झाल्यावर एक सुकी भाकरी, आपल्या कडक भाकरीसारखी भाजून वाळवलेली, गुपचूप वस्त्रात लपवायचा आणि रात्री एकटा खायचा. खाण्यात जितकं सुख होतं त्याहून जास्त त्रास त्याला नंतर व्हायचा, तरी दुसऱ्या दिवशी हात पुन्हा जायचाच. एकदा काही लोक गुरूला भेटायला आले. बोलणं निघालं खादाडपणाचं, आणि लपवून ठेवलेल्या विचारांच्या जोराचं. मुलाला वाटलं, गुरूला सगळं कळलंय. तो रडायला लागला, छातीशी लपवलेली भाकरी काढून सगळ्यांसमोर ठेवली आणि सांगून टाकलं. गुरू म्हणाले, मी एक शब्दही बोललो नाही तरी तुझ्या या सांगण्याने तू सुटलास. सेरापियोन म्हणतो, त्यानंतर ती ओढ त्याला पुन्हा झाली नाही. प्रत्येकाचं इतक्या झटपट सुटतं असं मी म्हणणार नाही. पण लपवलेली गोष्ट बोलून दाखवल्यावर तिचं बळ निम्म्याने कमी होतं, हे मी माझ्यासमोर बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे. याकोब म्हणतो, एकमेकांजवळ आपली पातकं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. "एकमेकांजवळ" हा शब्द आपण प्रॉटेस्टंट लोक वाचतो आणि सोडून देतो. कॅथलिक भावांकडे पापनिवेदनाची सोय आहे, आणि तिथली गुप्तता फादरांना कोणत्याही कारणाने मोडता येत नाही. आपल्याकडे तसा संस्कार नाही, म्हणून माणूस आपणच शोधावा लागतो.

तुमची भीती मी ओळखतो. सोलापुरातला ख्रिस्ती समाज लहान आहे, सगळे एकमेकांचे पाहुणे. पंचांपैकी एकाला सांगावं तर आठ दिवसांत लातूरपर्यंत पोचेल. म्हणून ज्याला सांगाल तो नात्यातला नसावा, तुमच्यापेक्षा वयाने मोठा असावा, विवाहित असावा, आणि दुसऱ्यांच्या गोष्टी तुमच्याजवळ बोलणारा नसावा. हा शेवटचा निकष सर्वांत उपयोगी पडतो. स्वतःच्या मंडळीत असा कोणी नसेल तर दुसऱ्या मंडळीचे पाळक चालतील. त्यांना आठवड्यातून एकदा भेटा, आणि त्यांनी एकच प्रश्न विचारायचा असं ठरवा: या आठवड्यात काय डिलीट केलं?

बायकोला सांगायचं का? या बाबतीत पाळकांमध्येही एकमत नाही. काही म्हणतील, आजच फोन करून सांगा. मी तसं सांगत नाही. तिचे दिवस भरत आलेत, किंवा हे वाचेपर्यंत बाळंतही झाली असेल. त्या पहिल्या आठवड्यांत झोप नाही, शरीर दुखतंय, मन हळवं झालेलं. त्यात आईच्या घरी, दहा माणसांत बसून तिने हे ऐकावं आणि रडायलाही जागा नसावी, हे मला मान्य नाही. अशा वेळी सांगितलेलं सत्य बहुतेकदा सांगणाऱ्याचं मन हलकं करण्यासाठी असतं. ती परत आली, सावरली, तुम्ही दोघं घरात एकटे असलात की सांगा. पुढे ढकलण्यात लबाडी शिरू नये म्हणून दोन अटी. मेसेज आजच थांबलेले असावेत. आणि मी कधीपर्यंत सांगणार हे त्या विश्वासू माणसाला आजच सांगून ठेवा, म्हणजे तो आठवण करून देईल. मधल्या काळात तिनेच सरळ विचारलं, तर खोटं बोलू नका. सांगताना तपशिलांची यादी नको, सबबी नकोत. विशेषतः "तू इथे नव्हतीस म्हणून" हे वाक्य कधीही नको. ती तुमच्याच मुलाला जन्म द्यायला गेली होती.

इथवरचं थोडक्यात: विचार आला म्हणून घाबरू नका, लपवणं थांबवा, त्या बाईंना दोष न देता आजच विषय संपवा, एका माणसाला सांगा, बायकोला योग्य वेळी सांगा. आता राहिली प्रार्थना.

तुम्ही लिहिलंय की रोज रात्री "हे विचार काढून टाक" अशी प्रार्थना करता. ऑगस्टीन यांनी आपल्या तरुणपणची प्रार्थना प्रांजळपणे सांगितली आहे: मला ब्रह्मचर्य दे, संयम दे, पण इतक्यात नको. तुमच्या प्रार्थनेत शब्द तसे नाहीत, पण फोन उशाशीच आहे. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. ज्या गोष्टीपासून सुटायचंय तिच्याविषयीच अर्धा तास प्रार्थना केली, तर मन अर्धा तास तिच्याभोवतीच फिरतं. त्या बाईंसाठीही रोज प्रार्थना करू नका. ते काम तुमच्या त्या वडीलधाऱ्या भावाकडे द्या. तुम्ही रात्री एक स्तोत्र मोठ्याने वाचा. मग बायकोचं नाव घेऊन, तिच्या पाठदुखीसाठी, कळांसाठी, येणाऱ्या बाळासाठी प्रार्थना करा. आणि झोपा. शुक्रवारचा उपास तूर्त बंद केलात तरी चालेल. एकटा, अर्धपोटी, थकलेला माणूस अशा वेळी जास्त घसरतो. एलीया संदेष्टा रतामाच्या झाडाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी उठवून जेवू घातलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा जेवू घातलं. बोलणं नंतर झालं.

आणि संध्याकाळ भरा. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात येशूने सांगितलंय की अशुद्ध आत्मा निघून गेलेलं, झाडून-लोटून लख्ख केलेलं घर रिकामं राहिलं, तर तो आपल्याहून वाईट असे सात जण घेऊन परत येतो. मेसेज थांबल्यावर तुमचे नऊ ते बारा हे तास अगदी असेच रिकामे होणार आहेत, आणि पहिला आठवडा जड जाईल. आईवडील सोलापुरात असतील तर जेवायला तिकडे जा. नसतील तर आठवड्यातून दोन संध्याकाळी मंडळीतल्या एखाद्या कुटुंबाकडे जेवायला येऊ का, असं स्पष्ट विचारा. लाज वाटेल, पण कोणी नाही म्हणणार नाही. जेवणानंतर कंबर तलावाला फेरी मारा. फोन रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, गच्चीवर नेऊ नका. बाळंतपणाचा फोन चुकेल अशी काळजी असेल तर रिंगचा आवाज मोठा ठेवा. शनिवारी दुपारी निघालात तर तुळजापूरमार्गे एसटीने संध्याकाळी लातूरला पोचाल. आणि तिथे पोचल्यावर सासूबाईंना सांगून बायकोबरोबर अर्धा तास एकटे बसा. सोनोग्राफीविषयी बोलू नका. तुम्ही एकटे पडलाय हे तिला सांगा. जे तुम्ही दुसऱ्या बाईंना रात्री लिहीत होतात त्यातलं बरंचसं तिला सांगण्यासारखंच असेल.

तरुण संघाचं काय, हेही तुम्ही विचारलंय. मंडळीसमोर नाट्यमय राजीनामा देऊ नका. पाळकांना खाजगीत सांगा की काही काळ मला शिकवण्यातून मोकळं करा, मी मागे बसून ऐकेन. कारण किती सांगायचं हे तुमच्या दोघांत ठरवा. शिक्षा म्हणून हे सुचवत नाही. रविवारी शुद्धतेवर बोलायचं आणि शनिवारी रात्री मेसेज पुसायचे, या दोन्हींच्या मध्ये माणसाचं मन फाटतं. अंतःकरणाचे शुद्ध ते धन्य, कारण ते देवाला पाहतील, असं येशू म्हणाला. माझ्या समजुतीप्रमाणे त्या वचनात कधीही डाग न लागलेल्या माणसांची गोष्ट नाही. 51वं स्तोत्र परंपरेने दावीदाचं मानलं जातं, नाथान संदेष्ट्याने त्याचं पाप त्याला तोंडावर सांगितल्यानंतरचं. माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर, असं तो मागतो. तेव्हा त्याच्या हातून सगळं घडून गेलेलं होतं, लपवायला काही उरलं नव्हतं. तुमच्या हातून तेवढं घडलेलं नाही. तुम्ही आजच ती प्रार्थना करू शकता.

मध्येच पाय घसरला, रात्री पुन्हा मेसेज गेला, तर पुसू नका. तसाच ठेवा आणि सकाळी त्या भावाला फोन करा. आणि सांगण्यासारखं माणूस खरंच कोणी सुचत नसेल, तर मंडळीचं नाव न सांगता शहराच्या कोणत्या भागात राहता एवढंच मला कळवा. तुमच्या ओळखीतले नसतील असे एक-दोन भरवशाचे पाळक मला माहीत आहेत, त्यांच्याशी तुमची गाठ घालून देतो.